बास मासा पकडायला ५०-६० डॉलरमधे टिकणारा रॉड कुठला घ्यावा?

इर्विंगकर

मंडळी नमस्कार. डॅलसजवळ इर्विंगला राहतो. घरामागे तळं आहे, शनिवार-रविवार जमलं तर लुइसव्हिल नाहीतर ग्रेपवाइन लेकवर जातो, सगळं काठावरून, बोट नाही आणि बायको घेऊ देणार नाही. सोबत मुलगा असतो ९ वर्षांचा, त्यामुळे रॉड आपटला जाणार, वाळूत पडणार, झाडाला अडकणार हे धरूनच चालतो. म्हणजे टिकाऊपणा पहिला, बाकी सगळं नंतर.

आत्तापर्यंत रॉड-रील एकत्र मिळतं तो स्वस्तातला सेट वापरत होतो. आधी टोकाच्या रिंगमधली सिरॅमिकची चकती निघून गेली, मग लाइन तिथे घासून तुटायला लागली, आणि मागच्या महिन्यात टोकच वीतभर गेलं. रील चांगली आहे, स्पिनिंग, २५०० साइझ, ती ठेवणार, फक्त रॉड हवाय. बजेट ५०, फार तर ६०. गाडी सेडान आहे म्हणून दोन तुकड्यांचा बरा पडेल. वापरतो ते मुख्यतः सेंको (गांडुळासारखं मऊ प्लास्टिकचं आमिष), वॅकी रिग करून (हुक मधोमध टोचून), किंवा टेक्सास रिग (हुकाचं टोक आमिषात लपवून), कधीमधी स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष).

ऑनलाइन बघायला गेलं की प्रत्येक रॉडखाली एकाने लिहिलेलं असतं हाच बेस्ट आणि लगेच खाली दुसरा म्हणतो दुसऱ्याच दिवशी मोडला. फायबरग्लासवाला घेऊ का ग्राफाइट? ताठपणा मीडियम का मीडियम हेवी? आणि एक ३० डॉलरचा दिसला त्यावर मोठ्या अक्षरात आयएम८ लिहिलंय, ते चांगलं असतं का?


फोर्कवाले_काका

अग्ली स्टिक जीएक्स२ घ्या आणि विषय संपवा. ४०-५० डॉलरच्या आसपास मिळतो, वॉलमार्टमधे पण लटकवलेला असतो. शेक्सपिअर कंपनीने १९७६ मधे अग्ली स्टिक काढला तेव्हापासून त्याची एकच ख्याती आहे ती म्हणजे मोडत नाही. दांड्यात ग्राफाइट आणि फायबरग्लास दोन्ही आहेत आणि टोकाचा थोडा भाग नुसता भरीव फायबरग्लासचा, तो अर्धपारदर्शक दिसतो बघा, तोच त्याचा जीव आहे, वाकवाल तेवढा वाकतो. रिंगा अख्ख्या स्टीलच्या, आत चकतीच नाही, त्यामुळे चकती निघायची भानगडच मिटली. वर ७ वर्षांची वॉरंटी. तुमचं पोरगं त्यावर बसलं तरी चालेल, म्हणजे बसवू नका पण.

फक्त एक सांगून ठेवतो, अग्ली स्टिकवर लिहिलेलं असतं त्यापेक्षा तो हाताला मऊ लागतो. त्याचा मीडियम हेवी म्हणजे इतरांचा मीडियम समजा. टेक्सास रिगला हुक प्लास्टिकमधून बाहेर येऊन जबड्यात रुतायला पाहिजे, त्याला दांड्यात दम लागतो, म्हणून मीडियम हेवीच घ्या.

आयएम८ वगैरे वाचून भुलू नका, त्याबद्दल कोणीतरी जाणकार लिहीलच.


शार्लटची_सुरमई

काकांशी अर्धी सहमत. मोडत नाही हे शंभर टक्के खरं, पण दिवसभर हातात धरला की मनगट बोलायला लागतं, जड आहे आणि वजन सगळं पुढे. आणि मुख्य म्हणजे वॅकी रिगला तो मुका वाटतो. सेंको असा सावकाश थरथरत खाली जातो आणि बास तो बरेचदा खाली जातानाच तोंडात घेतो, त्यावेळी हाताला कळतं ते एवढंसं, टक् करून, कधीकधी ते पण नाही, नुसती लाइन बाजूला सरकते. फायबरग्लास हे सगळं पिऊन टाकतं. मग मासा आमिष गिळून बसतो, हुक घशात जातो, आणि सोडून द्यायचा असेल तर तो मासा जगण्याची खात्री राहात नाही. लहान मुलासोबत असाल तर हा पण विचार करा, कारण मूल माशाकडे बघत असतं.

त्याच पैशात बर्कलीचा लायटनिंग रॉड किंवा आबू गार्सियाचा व्हेंजन्स बघा. दोन्ही ग्राफाइट, दोन्ही साधारण तुमच्या बजेटमधे बसतात, आणि सेल लागला तर अजून खाली येतात. साडेसहा किंवा सात फूट, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन (म्हणजे मुख्यतः टोकाकडेच वाकणारा). पाच इंची सेंको बिनवजनाचाच साधारण ३/८ औंस भरतो, म्हणजे मीडियम रॉड तो आरामात फेकतो. टेक्सास रिगला पण चालतो, हुक थोडा बारीक तारेचा वापरायचा की झालं.

आता आयएम८. हे आयएम६, आयएम७, आयएम८ म्हणजे हेक्सेल नावाच्या कंपनीच्या कार्बन फायबरची नावं आहेत. दर्जाचा सरकारी शिक्का नाही, सगळ्या उद्योगाने मान्य केलेलं मोजमाप पण नाही, त्यामुळे कोणीही उठतो आणि दांड्यावर छापतो. ३० डॉलरच्या रॉडवर आयएम८ लिहिलंय म्हणजे एवढंच कळतं की छापणाऱ्याकडे शाई होती. आणि खरंच जास्त मॉड्युलसचं (ताठपणाचं माप) ग्राफाइट असेल तरी ते हलकं आणि ताठ असतं, टिकाऊ असतंच असं नाही, उलट चेपलं-आपटलं की तेच आधी जातं. तुम्हाला टिकाऊ पाहिजे म्हणताय, मग तो आकडा मोठा असणं तुमच्या फायद्याचं नाहीच मुळी.


फोर्कवाले_काका

ताई मुद्दा बरोबर आहे पण वॅकी रिगला मी लाइनकडे बघतो, हाताच्या भरवशावर बसत नाही. पिवळी ब्रेड (विणलेली लाइन) लावायची, पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर (पाण्यात सहज न दिसणाऱ्या लाइनचा तुकडा), लाइन जरा वाकडी चालली की हाणायचं. रॉड मुका असला तरी डोळे आहेत ना. असो, ज्याची त्याची आवड.


रॉडचा_वैद्य

मी गॅरेजमधे मित्रमंडळींचे रॉड दुरुस्त करतो, धंदा नाही हौस. ग्लास का ग्राफाइट हा वाद चालू द्या पण त्याआधी एक सांगतो, माझ्याकडे जे तुटलेले येतात त्यातले फार थोडे माशाने तोडलेले असतात. गाडीचं दार, डिकीचं झाकण, घरातला सीलिंग फॅन, हे तीन मोठे मारेकरी. नवा रॉड आणला की माणूस हॉलमधे उभा राहून हवेत फिरवून बघतो आणि वर पंखा चालू असतो, हसू नका, खरंच होतं.

मासा लावून मोडतात ते बहुतेक एकाच प्रकारे. मासा पायाशी आला की लोक रॉड सरळ उभा करतात, मूठ डोक्याच्या वर, टोक मागे. रॉड नीट वाकतो तेव्हा भार बुंध्यापर्यंत जातो, बुंधा जाड असतो तो सहन करतो. उभा केला की सगळा भार टोकाच्या वीतभरावर येतो आणि तिथे दांडा काडीएवढा बारीक असतो. तुमचं वीतभरच गेलंय म्हणजे एकतर हे, नाहीतर दार. काठावरून धरणाऱ्यांना हे जास्त होतं कारण मासा उचलून काठावर घ्यायचा मोह होतो. बास दीड-दोन किलोचा असला तरी रॉडने उचलायचा नाही, खाली बसा, खालचा ओठ अंगठ्याने धरा, बासला टोचणारे दात नसतात, सँडपेपरसारखं लागतं फक्त. नाहीतर ८-१० डॉलरची जाळी घ्या. मुलाला जाळी धरायचं काम द्या, त्याचा हात रॉडपासून लांब राहील आणि त्याला मजा पण येईल.

दुसरं, लूर (खोटं आमिष) बुडाशी लाकडात अडकला की वाकलेल्या रॉडने झटके द्यायचे नाहीत. रॉडचं टोक सरळ अडकलेल्या जागेकडे करायचं, रीलचं स्पूल (लाइन गुंडाळलेली असते ते) हाताने धरायचं आणि मागे चालत जायचं. निघालं तर निघालं, नाहीतर लाइन तुटेल, रॉड वाचेल. ब्रेड असेल तर हाताला गुंडाळून ओढू नका, सरळ मांसात जाते, काठीला गुंडाळा.

तिसरं ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक. हे बहुतेक जण अंदाजाने घट्ट करतात. लाइन १० पौंडाची असेल तर ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर सुटला पाहिजे, म्हणजे साधारण सव्वा ते दीड किलोला. मोजायला वेगळं काही आणू नका, इंडियाला जाताना बॅग २३ किलोच्या आत बसते का बघायला आपण सगळ्यांनी तो हातात धरायचा काटा घेतलेला असतो, तोच लाइनला लावा आणि ओढा. कपाटात पडून असतो वर्षभर, तेवढाच कामाला येईल.

चौथं, ग्राफाइटला छोटा घाव लागला की तो लगेच दिसत नाही. डिकीमधे शिशाचं वजन दांड्यावर आपटत राहिलं, दगडावर पडला, तिथे एक ओरखडा पडतो आणि मग कधीतरी साध्या फेकीत तिथूनच काडकन जातो आणि माणूस म्हणतो मी काहीच केलं नाही. ऑनलाइन जे दुसऱ्या दिवशी मोडला म्हणून लिहितात त्यातले किती तरी असे असतील, काही दुकानापर्यंत येतानाच दुखावलेले. म्हणून ग्राफाइट घेणार असाल तर वरून कापडी मोजा घाला, ८-१० डॉलरला मिळतो. ग्लास मिसळलेला असेल तर एवढं लाडावायची गरज नाही.

तुमची जी चकती निघाली त्याचं पण सांगतो. लूरचा हुक रिंगमधे अडकवून ठेवायची सवय असते लोकांना, विशेषतः तीन काट्यांचा हुक. प्रवासात तो हलतो, चकतीला तडा जातो. मुठीजवळ हुक अडकवायला छोटी कडी असते तीच वापरायची, नसेल तर रीलच्या दांडीला अडकवा. आणि रिंग खराब झाली का ते बघायला कान साफ करायची कापसाची काडी रिंगच्या आतून फिरवायची, कापसाचे धागे अडकले की समजायचं तडा आहे. नुसतं डोळ्याने दिसत नाही, आणि तो तडा नवी लाइन रोज थोडी थोडी कापत असतो.

आता निवड. मुलगा सोबत आहे, काठ आहे, एकच रॉड आहे, तर मी पण जीएक्स२ म्हणेन. ताईंचं म्हणणं चूक नाही पण ते तुमचं दुसरं रॉड घेताना.


शार्लटची_सुरमई

दुसरं रॉड घेताना म्हणे, म्हणजे पहिल्यावर पैसे घालवून मग चांगलं घ्यायचं. बरं. माझं मत तेच आहे, पण मोजा घालायचं आणि उभा न करायचं तेवढं पाळलं तर ५० डॉलरचं ग्राफाइट पण वर्षानुवर्षं जातं. माझं जातंय.

आणि दुकानात जाऊन हातात घ्या प्लीज, ऑनलाइन नको. आपली रील खिशात घेऊन जा, लावून बघा, तोल कुठे येतो बघा. तिथेच टोकापासून मुठीपर्यंत सगळ्या रिंगा एका रेषेत आहेत का ते एक डोळा मिटून बघायचं, स्वस्त रॉडमधे एखादी रिंग तिरकी चिकटवलेली असते. आणि रील बसवतो त्या जागेची चकरी घट्ट करून हलवून बघा, खुळखुळली तर ठेवून द्या. कॉर्कची मूठ छान दिसते पण स्वस्तातल्या कॉर्कमधे भोकं बुजवायला लांबी (पुट्टी) भरलेली असते ती नंतर पडते, या किंमतीत फोमची मूठच बरी.


पेणचा_पोऱ्या

मधेच बोलतोय माफ करा, मी इकडे रायगडात, तुमचा बास गोड्या पाण्यातला आणि आमचा जिताडा खाडीतला, पण रॉडची रडगाणी सेम आहेत. आमच्याकडे उधाणाला पाणी वळलं की पुलाच्या खांबांपाशी जिताडा फिरतो, तो लागला की पहिली धाव खांबाकडेच मारतो आणि त्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, त्यामुळे पुढे जाड तंगूस लावावाच लागतो. इकडे मीडियम हेवीच्या खाली काही टिकत नाही. आणि खारं पाणी, घरी आल्यावर गोड्या पाण्याने रॉड धुतला नाही तर रिंगांच्या पायाशी गंज येतो आणि दोऱ्याच्या गुंडाळीखालून लाल ओघळ दिसायला लागतात.

प्रश्न असा की माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून डिसेंबरमधे येतोय, त्याला हा अग्ली स्टिक आणायला सांगू का? बॅगेत बसतो का?


रॉडचा_वैद्य

@पेणचा_पोऱ्या सात फुटी दोन तुकड्यांचा म्हणजे एक तुकडा साडेतीन फूट, बॅगेत बसणार नाही. वेगळ्या नळीत घालून चेक-इन करावा लागेल, आणि मग ती एक बॅग धरली जाते, भावाला विचार त्याची तयारी आहे का, नाहीतर आईने सांगितलेलं सामान राहील आणि शिव्या तुला पडतील. त्यापेक्षा तीन किंवा चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड सांग, तीन तुकड्यांचा सात फुटी असला तर एक तुकडा २८ इंच, मोठ्या बॅगेत तिरका जातो. पीव्हीसीच्या पाइपच्या तुकड्यात घालायला सांग, कपड्यात गुंडाळून भरवसा नाही. आणि वॉरंटी विसर, मोडला तर पेणहून अमेरिकेला कोण पाठवणार.


इर्विंगकर

वा, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. @रॉडचा_वैद्य तुमचं निदान बरोबर निघालं, टोक गेलं तेव्हा मासा पायाशीच होता आणि रॉड उभा होता, म्हणजे दार नाही.

आता वॉरंटीचं विचारायचं राहिलं. ७ वर्षं म्हणजे मोडला की नवा देतात का? आणि ५० ऐवजी १०० टाकले तर खरंच फरक पडतो का, कारण ऑफिसमधला एकजण सेंट क्रॉइ कंपनीचा रॉड घे म्हणून मागे लागलाय.


फोर्कवाले_काका

वॉरंटी म्हणजे बनवण्यातला दोष असेल तर. दारात चेपला तर ते तुमचं नशीब. आणि बऱ्याच कंपन्यांमधे पाठवायचा-आणायचा खर्च आपल्याला पडतो, सात फुटी खोका पाठवायचा म्हणजे स्वस्त रॉडच्या किंमतीचा चांगला हिस्सा तिथेच जातो. म्हणून ५० डॉलरच्या रॉडला वॉरंटी बघून घेऊ नका, पावती मात्र फोटो काढून ठेवा. दुकान परत घेतं का, किती दिवसांत, ते जास्त कामाचं.

सेंट क्रॉइ ट्रायम्फ चांगलाच आहे, शंभरच्या पुढे जातो, ५ वर्षांची वॉरंटी. हातात घेतला की फरक कळतो, हलका, टक् कळते, ताईंना आवडेल. पण टिकाऊपणा दुप्पट होतो का, तर नाही. ५० च्या पुढे पैसे जातात ते हलकेपणाला आणि हाताला कळण्याला. मोडायच्या बाबतीत ३०० चा रॉड दारात तसाच मोडतो, फक्त आवाज महाग येतो.

उगाच कोणी मनात धरू नका की चांगला मासा महाग रॉडलाच लागतो. जॉर्ज पेरीने १९३२ मधे जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा बास काढला, तो जागतिक रेकॉर्ड, मंदीचे दिवस होते, घरी नेऊन खाल्ला त्यांनी. पुढे २००९ मधे जपानमधे बिवा लेकवर त्याची बरोबरी झाली, पण पेरीला धड मागे टाकलेलं अजून कोणी नाही. आमच्या टेक्सासचा रेकॉर्ड लेक फोर्कचा, १९९२ मधला, १८.१८ पौंड. फोर्कला याल तर आधी सांगतो, तिथे १६ ते २४ इंचातला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो, बाकी बऱ्याच ठिकाणी १४ इंच आणि दिवसाला ५ हा राज्याचा नियम चालतो. निघण्याआधी त्या त्या लेकचा नियम बघून घ्यायचा.


शार्लटची_सुरमई

मुलासाठी वेगळा घेताय का? घ्या. मोठ्यांचा सात फुटी त्याच्या हातात दिला तर तो दोन्ही हातांनी उचलणार आणि टोक जमिनीवर टेकणार. साडेपाच फुटी मीडियम लाइट घ्या, आणि तिथे मात्र मी पण म्हणते अग्ली स्टिक घ्या, काका खूश. झाकणवाली रील असते बटण दाबून फेकायची ती लावा, लाइनचा गुंता कमी होतो. त्याच्यावर छोटे सनफिश धरू दे, बास आपोआप लागतो कधीतरी.


इर्विंगकर

ठरलं. आज दुकानात जाऊन आलो, रील खिशात घेऊन, दुकानवाला बघत होता पण काही बोलला नाही. दोन्ही हातात घेतले. ताई तुम्ही म्हणता तसा व्हेंजन्स खरंच हलका आहे, रील लावल्यावर तोल बोटावर येतो, पण मुलाने लगेच त्याची तलवार केली आणि माझा निर्णय झाला. जीएक्स२ घेतला, सात फुटी मीडियम हेवी, दोन तुकडे. एका रॉडची एक रिंग तिरकी होती तो ठेवून दुसरा उचलला. मुलाला साडेपाच फुटी.

एकच अडचण, फेकताना वरचा तुकडा हळूहळू फिरतो, थोड्या वेळाने बघितलं तर रिंगा रेषेत नाहीत. ढिला आहे का? बदलून आणू?


रॉडचा_वैद्य

बदलू नका आत्ताच. जोडताना रिंगा एकमेकींपासून पाव फेरा बाजूला धरून तुकडा आत घाला आणि मग ढकलत ढकलत फिरवून रेषेत आणा, नुसता सरळ खुपसला की धरत नाही. तरी फिरत असेल तर आत जातो त्या टोकावर साध्या मेणबत्तीचं मेण हलक्या हाताने घासा, पातळ थर, लोंदा नाही. मधून मधून जोड चाचपायचा, कारण अर्धवट निघालेल्या जोडावर जोरात फेकलं तर खालच्या तुकड्याचं तोंड चिरतं. आणि काढताना घट्ट बसला तर रिंगांना धरून पिळू नका, रिंगच उपटून येते, दांड्याला धरा आणि सरळ ओढा. एवढं करून पण फिरलाच तर मग पावती घेऊन जा.


फोर्कवाले_काका

अभिनंदन! लायसन्स आहे ना? टेक्सासमधे वर्षाची बहुतेक लायसन्सं ३१ ऑगस्टला संपतात, तुम्ही कधीही काढलेली असोत. मुलाला १७ च्या आत लागत नाही. तुमचं संपलं असेल आणि धीर धरवत नसेल तर स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून धरायला लायसन्स लागत नाही, रे रॉबर्ट्सला जा, तुमच्याकडून फार लांब नाही. प्रवेश फी तेवढी द्यावी लागेल.